सोयाबीन, उंदीर आणि आपल्या कंडरा

‘रजोनिवृत्तीनंतर सोयाबीन खा, कंडरा बळकट ठेवा’ असा सल्ला हल्ली वाचायला मिळतो. त्यामागचा तर्क असा : स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाची बनलेली असते. तिच्या पेशींत इस्ट्रोजेनचे ग्राही असतात. हे संप्रेरक घटले की कोलॅजेनची घडण बदलते. सोयाबीनमधील जेनिस्टीन व डेडझीन हे रेणू इस्ट्रोजेनशी साम्य असल्याने त्याच ग्राहींना जोडले जातात. म्हणजे उणीव भरून निघाली!

तर्क आकर्षक आहे. पण त्याची एकेक पायरी तपासू या.

वनस्पतिज इस्ट्रोजेन प्रभावी असतात, यात शंका नाही. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हरचा चारा खाणाऱ्या मेंढ्यांत वंध्यत्व पसरले, ते अशाच रेणूंमुळे. पण परिणाम होतो म्हणजे हवा तोच होतो, असे नव्हे. जेनिस्टीन बीटा ग्राहीला सहज जोडले जाते, अल्फाला त्या मानाने कमी. ती इस्ट्रोजेनची हुबेहूब नक्कल नाही.

दुसरे असे की, कंडरांवरील पुरावा मुख्यतः अंडाशय काढलेल्या उंदरांचा आहे. उंदरांच्या आतड्यातील जीवाणू डेडझीनपासून इक्वोल हा अधिक प्रभावी रेणू बनवतात. माणसांत मात्र हे सर्वांना साधत नाही. पाश्चात्त्य देशांत सुमारे २५ ते ३० टक्के, तर जपानमध्ये ५० ते ६० टक्के लोकांतच ते घडते.

तिसरी पायरी सर्वांत कच्ची आहे. २००९ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी इस्ट्रोजेन घेणाऱ्या, रजोनिवृत्त स्त्रिया तपासल्या. त्यांच्या कंडरेत कोलॅजेनची निर्मिती अधिक आढळली, पण कंडरेचा ताठपणा कमी! अधिक कोलॅजेन म्हणजे अधिक बळकटी, हे समीकरण खुद्द इस्ट्रोजेनबाबतच सरळ नाही.

शिवाय महाराष्ट्रात सोयाबीन भरपूर पिकत असले, तरी आपल्या स्वयंपाकघरात ते येते मुख्यतः तेलाच्या रूपाने. हे रेणू पेंडीत राहतात; शुद्ध केलेल्या तेलात ते जवळजवळ नसतातच.

दोष केवळ सल्ला छापणाऱ्यांचा नाही. उंदरांवरील शोधनिबंधाच्या शेवटी ‘स्त्रियांना उपयोग होऊ शकेल’ असे वाक्य आम्ही संशोधकच जोडतो; पुढे त्यातले ‘शकेल’ गळून पडते.

सोयाबीन हे उत्तम प्रथिनयुक्त अन्न आहे; जरूर खावे. पण दिवसभर फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या एखाद्या बाईंच्या टाचेमागची कंडरा दुखत असेल, तर गोळ्यांच्या भरवशावर तपासणी आणि हळूहळू भार वाढवणारा व्यायाम लांबणीवर पडू नये. वर्गात अशी बातमी आली, की विद्यार्थ्यांना एवढेच विचारायला शिकवू या : प्रयोग कोणावर झाला, आणि नेमके काय मोजले?