नुरा कुस्तीतले खरे

‘नुरा कुस्ती’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. दोन पुढारी सभेत एकमेकांवर तुटून पडले आणि रात्री एका पंक्तीला जेवले, की त्यांची कुस्ती नुरा ठरते. पैलवानावर हा आरोप आला तर त्याची इभ्रतच जाते. ज्या मातीत निकाल आधी ठरलेला नसतो त्या मातीचा हा न्याय आहे, आणि तो रास्तच आहे. परंतु जगात कुस्तीचा असाही एक बाजार आहे, जिथे निकाल ठरलेला असणे हा रचनेचाच भाग असतो. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती ती हीच. दारासिंगांच्या ‘फ्रीस्टाईल’ दंगली पाहिलेल्या जुन्या मुंबईकरांना ती अगदीच परकी नाही. अमेरिकेचा नामांकित मल्ल ल्यू थेझ १९६८ साली मुंबईतच दारासिंगांशी लढला होता. तरीही आपल्याकडचा शिकलेला माणूस हा खेळ क्षणभर पाहतो, “सगळे खोटे आहे हो!” म्हणतो आणि चकलीचा पुढला तुकडा मोडतो.

माझे म्हणणे असे, की एवढ्याने टीका होत नाही. रंगभूमीवर मेलेला राजा पडदा पडल्यावर चहा पितो, म्हणून काही नाटक वाईट ठरत नाही. मी कादंबऱ्या लिहितो. शेवटच्या प्रकरणात कोण हरणार हे मलाही आधीच ठाऊक असते, आणि वाचक त्याबद्दल माझ्यावर फिर्याद करीत नाहीत. ते विचारतात ते निराळेच : हे वैर आम्हांला पटले का? हा पराभव ओढूनताणून आणला की तो आतून आला? हीच कसोटी मी एका गाजलेल्या खेळाला लावून पाहणार आहे.

हा खेळ म्हणजे तिसरा रेसलमेनिया. तो २९ मार्च १९८७ रोजी अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या पॉन्टियाक येथील सिल्व्हरडोम या बंदिस्त मैदानात झाला. संयोजकांनी प्रेक्षकांचा आकडा ९३,१७३ जाहीर केला. तो फुगवलेला आहे असे म्हणणारे जाणकारही आहेत. गावोगावी सभागृहांत मोठ्या पडद्यावर तो दाखवला गेला, आणि ज्यांच्या घरी केबल होती त्यांनी ‘पे-पर-व्ह्यू’ने, म्हणजे त्या एका खेळापुरते पैसे मोजून, तो घरबसल्या पाहिला. त्या दिवशी बारा कुस्त्या झाल्या. त्यांपैकी दोनच आज लोकांच्या तोंडी आहेत, आणि त्या दोन्ही विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी होत्या.

पहिली धाकट्या पट्ट्याची : रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची. या वैराची पेरणी आदल्या वर्षीच झाली होती. सॅव्हेजने स्टीमबोटचा गळा कठड्यावर आपटला आणि मग रिंगणाजवळची लोखंडी घंटा त्या गळ्यावर हाणली. स्टीमबोटचा कंठच चिरडला गेला, असे प्रेक्षकांना सांगण्यात आले. आता कादंबरीकाराच्या नजरेने पाहा. घंटा ही वस्तू एकदा कथेत आली की ती पुन्हा आलीच पाहिजे. न आली तर वाचकाची फसगत होते. सिल्व्हरडोममध्ये ती बरोबर येते. कुस्ती ऐन भरात असताना पंच धडकेने खाली पडतो, सॅव्हेज तीच घंटा घेऊन दोरांवर चढतो. इतक्यात स्टीमबोटचा पाठीराखा जॉर्ज स्टील त्याला खाली ढकलतो. सॅव्हेज सावरून प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटायला जातो, तोच स्टीमबोट त्याला गुंडाळून चीत करतो. ज्या घंटेने अन्याय केला, तिच्याच पायी अन्याय करणारा पट्टा गमावतो. याहून नेटकी गाठ कोणत्या लेखकाने मारली असती?

आणि हे सारे पंधरा मिनिटांच्या आत! तेवढ्यात किती वेळा खांदे टेकतात, पंच दोन म्हणतो आणि तिसऱ्या आकड्याआधी खांदा उचलला जातो. सॅव्हेजने ही कुस्ती डावागणिक कागदावर उतरवून काढली होती आणि दोघांनी ती क्रमाने घोकली होती. त्या काळी पुष्कळसे मल्ल आखाड्यात उतरल्यावरच पुढचे डाव जुळवीत, त्यामुळे हा प्रकार अनेकांना विचित्र वाटे. शाळामास्तर असल्याने घोकंपट्टीचे दोष मला पुरेपूर माहीत आहेत. पण पाढे पाठ असलेलाच मुलगा गणितात मोकळा खेळतो, हेही मी पाहिले आहे. पडद्यावर घोकलेले कुठेच दिसत नाही, दिसते ती निव्वळ चपळाई.

दुसरी कुस्ती थोरल्या पट्ट्याची : हल्क होगन आणि आन्द्रे द जायंट. होगन १९८४ पासून विजेता. आन्द्रे त्याचा स्नेही. इथे वैराचा आरंभ फार सुरेख आहे. तीन वर्षे पट्टा राखल्याबद्दल होगनला मोठा करंडक देतात, आणि पंधरा वर्षे अजिंक्य राहिल्याबद्दल आन्द्रेला देतात तो त्याहून लहान! ज्या घरात दोन भावांपैकी एकाला मोठे ताट वाढले गेले आहे, त्या घराला हे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. पुढे आन्द्रे आव्हान देतो आणि होगनच्या गळ्यातील क्रूस तोडतो.

प्रत्यक्ष कुस्ती मात्र संथ आहे. बराच काळ आन्द्रे होगनला मिठीत आवळून उभाच असतो. शिवाय तो पंधरा वर्षे अजिंक्य नव्हताच. १९८६ साली तो जपानमध्ये इनोकीकडून हरला होता. होगनशीही त्याची गाठ १९८० सालीच न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पडलेली होती. कल्पित आणि खोटे यांत मी फरक करतो. घंटेची गोष्ट कल्पित होती. ‘अजिंक्य’ हे खोटे होते, आणि त्याची गरजही नव्हती. दोन करंडक पुरेसे होते.

मग ही कुस्ती लक्षात का राहते? आन्द्रेचे वय तेव्हा चाळीस. अवयव वाढतच राहावेत अशी त्याची व्याधी होती. आदल्या वर्षी त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्या दिवशी काळ्या पोशाखाखाली पाठीला आधार देणारा पट्टा बांधलेला होता. जाहिरातीत त्याचे वजन ५२० पौंड, म्हणजे सुमारे २३६ किलो. एवढा देह त्याच्या मर्जीविना कोणी उचलू शकत नाही. सुरुवातीला होगन उचलायला जातो आणि त्याखालीच दबतो. शेवटी उचलतो, आपटतो आणि जिंकतो. मैदान दणाणते ते होगनसाठी. पण ते उचलणे दोघांचे होते, आणि पाठ दुखत होती ती एकट्या आन्द्रेची.

म्हणून माझा निवाडा असा : रचना पाहावी तर सॅव्हेज-स्टीमबोटची, आणि माणूस पाहावा तर आन्द्रे. हरणाऱ्याने आपले नाव आपल्या हाताने दुसऱ्याला द्यावे, हे इथे ठरवून झाले. म्हणून त्याचे मोल मला कमी वाटत नाही. कंपनीला मात्र तेवढ्यावर थांबणे जमले नाही. १९८८ च्या फेब्रुवारीत पंचासारखाच दिसणारा दुसरा पंच उभा करून आन्द्रेला पट्टा जिंकवला आणि लगेच विकायलाही लावला. मोठी कथा संपल्यावर तिचे असे उष्टे वाढणे हा या धंद्याचा जुना दोष आहे. आन्द्रे त्यानंतरही काही वर्षे रिंगणात उतरत राहिला आणि १९९३ च्या जानेवारीत, वयाच्या ४६ व्या वर्षी, पॅरिसला वारला.

१९८९ साली कंपनीच्या लोकांनी न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे स्वतःच कबूल केले, की ही खरी स्पर्धा नसून करमणूक आहे. प्रेक्षक काही घरी निघून गेले नाहीत. ज्या गुपितावर आपले शिकलेले लोक एवढे बोट ठेवतात, त्या गुपितासाठी ते आलेलेच नव्हते.

वर्गातली मुले मला विचारतात, “सर, ते खरे असते का हो?” मी सांगतो, “निकाल ठरलेला असतो. पडणे मात्र खरेच असते.” दिवाळीच्या सुटीत घरची मुले असले काही पाहत बसली तर थोरांनी पडदा बंद करू नये. या दोन कुस्त्या त्यांच्याशेजारी बसून याच क्रमाने पाहाव्यात, आणि दोघांपैकी कोण अधिक आवडला ते त्यांना विचारावे. घरातल्या गादीवर धाकट्या भावाला आपटायचे नाही, एवढे मात्र आधीच बजावून ठेवावे.