गुरू एकच असावा का? सानगडीत राहून पेटी शिकण्याविषयी

आजचा विषय आम्ही कळवला तेव्हा एकाने हसून विचारलं, "पेटीचा मास्तर शोधायचा, यात व्याख्यान कसलं? चार जणांना विचारायचं, झालं!" बरोबर आहे. पण त्या चार जणांना आपण नेमकं काय विचारतो, तेच आज तपासायचं आहे. आपण विचारतो, "इथे चांगला गुरू कोण आहे?" आमचं म्हणणं असं की, प्रश्न विचारण्यातच चूक होते आहे. आणि ही चूक गुरू-शिष्यांच्या ज्या गोष्टी आपण वाचत, ऐकत आलो, त्यांतून आलेली आहे.

जे दूरवरून ऐकताहेत त्यांच्यासाठी आधी गावाविषयी थोडं. सानगडी हे भंडारा जिल्ह्यातलं, साकोली तालुक्यातलं किल्ल्याचं गाव. सगळा मुलूख धानाचा. दिवाळी झाली की या पट्ट्यात गावोगावी मंडई भरते, दंडार होते, खडी गंमत होते, आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा हे त्या नाटकांचं मोठं केंद्र. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. या नाटकांत गाणी रेकॉर्डवर वाजवून भागत नाही. रंगमंचापाशी ऑर्गन आणि तबला घेऊन माणसं बसलेली असतात. शिवाय गावात भजनी मंडळ असतं, तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजनं असतात. म्हणजे सुरांचा दुष्काळ इथे नाही. तरीही एखाद्या मुलीने "मला पेटी शिकायची" म्हटलं, की आई-वडील म्हणतात, "इथं कोण शिकवणार? भंडाऱ्याला, नागपूरला जावं लागेल." बस, वेळ आणि पैसा यांचा हिशेब होतो आणि विषय तिथेच संपतो.

असं का होतं? आपल्या डोक्यात गुरूचं एक चित्र ठरलेलं आहे. गुरू एकच, तो पूर्ण, तो शिष्याची परीक्षा घेतो, शिष्य त्याच्या दारात वर्षानुवर्षं पडून राहतो. संगीतावरच्या मराठी आठवणींत, चरित्रांत, कीर्तनकारांच्या दृष्टांतांत हेच चित्र येतं. शिष्य कसा असावा यावर पानंच्या पानं आहेत. पण शिकवणाऱ्याला शिष्याच्या घरच्यांनी कसं पारखावं यावर काही शोधायला गेलं, तर हाती फारसं लागत नाही. टीका म्हणून आमचा पहिला मुद्दा हाच.

दुसरा मुद्दा असा की, या चित्राला आपला स्वतःचा इतिहासच दुजोरा देत नाही. भास्करबुवा बखले घ्या. १८६९ ते १९२२ हा त्यांचा काळ. मराठी संगीतातलं एवढं मोठं नाव, पण त्यांनी तालीम एका दारात नाही घेतली. बडोद्याचे फैजमहंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, आणि मग अल्लादिया खाँ. प्रत्येकाकडून वेगळं घेतलं. किंवा गोविंदराव टेंबे घ्या. 'मानापमान'ची १९११ सालची संगीतरचना त्यांची, आणि पेटीवादक म्हणून तर ते दंतकथाच. 'माझा संगीत व्यासंग' हे त्यांचं पुस्तक या विषयात रस असलेल्या प्रत्येकाने वाचावं. हा माणूस बराचसा स्वतःच्या कानावर शिकला. पेटीत त्याने भास्करबुवांना गुरू मानलं, आणि ज्या अल्लादिया खाँसाहेबांची समोर बसून रीतसर तालीम मिळाली नाही, त्यांनाही गुरू मानलं. म्हणजे थोरामोठ्यांनी गुरू जमवले, जोडले. एकच परिपूर्ण गुरू मिळेपर्यंत ते थांबून राहिले नाहीत. थांबायला फक्त आपण शिकलो.

आता पेटीविषयी. हे वाद्य आपलं म्हणावं तर जन्माने नाही. युरोपात घडलं, आणि हाताने भाता मारायची सुटसुटीत पेटी १८७५ च्या सुमारास कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी रूढ केली. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. आक्षेप असा की पेटीचे सूर ठरलेले, तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत. आक्षेप खोटा नव्हता. पण ज्या काळात रेडिओने पेटी बंद केली, त्याच काळात गावच्या देवळात ती रोज वाजत होती. आणि त्या आक्षेपातून शिक्षक पारखायची एक खूण आपल्याला मिळते. पेटीचा सूर ठरलेला असल्यामुळे, आधी गळ्यातून सूर काढायला न लावता जो थेट पट्टी दाबायला लावतो, तो मुलाचे बोट तयार करतो, कान तयार करत नाही.

आमच्या घरातल्या एका मुलीसाठी आम्ही शिक्षक शोधला तेव्हाची गोष्ट सांगतो. पहिले शिक्षक भजनातले. हात इतका गोड की ऐकत बसावं. शिकवायची पद्धत एकच: "माझ्या हाताकडं पाहा." वर्षभरात पोरीला पंधरा-वीस गाणी आली. मग एका बाईंनी भजनात काळी चारचा सूर धरला. पोरीला येत होतं काळी एकमध्ये. पोरगी थांबली ती थांबलीच. षड्ज हलला की काय करायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गुरुजी स्वतः कुठलाही सूर सहज धरत, पण तो कसा धरतात हे त्यांना शब्दांत सांगता येत नव्हतं.

दुसरे शिक्षक परीक्षावाले. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि पुढे १९३१ पासूनच्या मंडळाच्या परीक्षांनी प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतची शिडी उभी केली. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत बंदिशी स्वरलिपीत आणल्या. हे उपकार मोठे आहेत. खानदानाबाहेरच्या, खेड्यातल्या, मध्यमवर्गातल्या मुलांना दार त्यामुळेच उघडलं. पण परीक्षेचा कागद काय सिद्ध करतो? या माणसाला येतं, एवढंच. शिकवता येतं, हे नाही. या दुसऱ्या शिक्षकांकडे पोरगी यमनचा वादी गंधार, संवादी निषाद हे घडाघडा सांगायला शिकली. पण हरिपाठाला साथ करायला बसवलं, तर गाणारा पुढे आणि पेटी मागे.

चूक दोघांचीही नव्हती, आमची होती. आम्ही दोन्ही वेळा एकाच माणसाकडून सगळं मागितलं. भजनातल्या गुरुजींकडे हात होता, साथ होती, समोरच्याचं ऐकणं होतं. परीक्षेच्या शिक्षकांकडे नाव होतं, क्रम होता, कारण होतं. गुरू गावाजवळच होता, फक्त दोन तुकड्यांत. भास्करबुवांना तीन दारं चालली, तर आमच्या पोरीला दोन का चालू नयेत?

म्हणून आता "चांगला गुरू कोण" असं न विचारता, "याच्याकडून नेमकं काय मिळेल" असं विचारा. पहिल्याच दिवशी नम्रपणे एक-दोन गोष्टी करून बघा. शिक्षकांना म्हणा, हेच गाणं जरा पांढरी चारमध्ये वाजवून दाखवा, आणि काय बदललं ते पोराला सांगा. वाजवलं पण सांगता आलं नाही, तर साथ त्यांच्याकडून शिका, कारण दुसऱ्याकडून. ते पोराला आधी गायला लावतात का, बघा. भाता कसा सोडायचा, अंगठा कुठे घालायचा, हे सांगतात का, बघा. हाताने ताल धरतात का, तेही बघा. दूरचा शिक्षक फोनवरून मिळत असेल तर शास्त्रासाठी, रेकॉर्डिंग ऐकून चुका सांगण्यासाठी जरूर घ्या. पण फोनवर आवाज उशिरा पोचतो. दोघांनी एकत्र ताल धरायचा म्हटलं की घोटाळा होतो. ताल समोर बसूनच.

वेळेचं गणितही इथलंच हवं. वाजवणारा माणूस मंडईपासून होळीपर्यंत रात्री नाटकात असतो आणि दिवसा झोपेत. रोवण्याच्या दिवसांत घरचे सगळेच बांधीत. मग "आठवड्यातून दोन दिवस, वर्षभर" हा शहरातला नियम इथे कसा चालेल? होळीनंतर उन्हाळाभर जास्त दिवस, रोवणा संपल्यावर पुन्हा, आणि सीझनमध्ये नुसता रियाज. असं आधीच ठरवलं, तर "मास्तर येतच नाहीत" ही तक्रार उरत नाही.

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे. भजनातल्या गुरुजींना आपण पैसे देत नाही. गुरुपौर्णिमेला नारळ, शाल, आणि पायावर डोकं. त्यांनाही मागायला संकोच वाटतो. पण फुकट शिकवणाऱ्याला आपण प्रश्न विचारू शकत नाही, आणि तोही वेळ मोडायला मोकळा. दर महिन्याला ठरलेली फी द्या. त्यात त्यांचा मान आहे आणि आपला विचारायचा हक्कही आहे. शिकवणी मुलीची असेल तर संध्याकाळी कुणाच्या घरी एकटीला पाठवण्यापेक्षा दिवसा देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या ओसरीवर, दोन-तीन मुलं मिळून ठेवा. गुरूविषयी शंका घेऊ नये, या जुन्या शिकवणीमुळे हे बोललं जात नाही. आम्ही ते मुद्दाम बोलतो आहोत.

या गावांतले पेटीवाले म्हातारे होताहेत. साथ करताना गाणाऱ्याचा श्वास ओळखणं कुठल्याही क्रमिक पुस्तकात लिहिलेलं नाही. ते त्यांच्यासोबत जाईल. आपण पूर्ण गुरूची वाट पाहत बसलो, तर आपलं पोर शिकणार नाही, आणि त्यांचं जे आहे ते कुणाला मिळणार नाही. तेव्हा या होळीनंतर आपल्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्याकडे जा. काय येतं ते विचारा, काय येत नाही तेही विचारा, आणि फी ठरवून या.