हसणार कोण, दुखावणार कोण?

विनोद निर्विष असतो, असे आपले प्रस्थापित समीक्षक सांगत आले आहेत. मला ते कधीच पटले नाही. जे हसतात आणि ज्यांच्यावर हसले जाते, ते एका पंगतीला बसलेले नसतात.

२००९ साली प्रियदर्शन यांच्या ‘बिल्लू बार्बर’ या विनोदी चित्रपटाच्या नावावर केशकर्तन व्यावसायिकांनी हरकत घेतली. निर्मात्यांनी ‘बार्बर’ गाळले. पण अपमान शब्दात नव्हता. कष्टाच्या हाताला हलके ठरविणाऱ्या व्यवस्थेत होता. शब्द गेला, व्यवस्था राहिली.

माझ्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुले आहेत. मुकादमाची उचल घेऊन त्यांचे आईबाप दरसाल कारखान्याला जातात. त्यांतल्या एकाने विचारले, “सर, आपल्यावर हसणारे सिनेमे बंदच का पाडू नयेत?”

त्याचा राग माझाही आहे. तरी मी नाही म्हणालो. राखीव जागांवर टीका करणाऱ्या ‘ओरे ओरु ग्रामतिले’ या तमिळ चित्रपटाला १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले. निदर्शनांच्या धमकीपुढे अभिव्यक्तिस्वातंत्र्य गुंडाळता येणार नाही, असे बजावले. हा घास कडू आहे. पण तो गिळलाच पाहिजे, कारण बंदीचे हत्यार अखेर दुबळ्यावरच उलटते.

ते उलटलेच. ‘फुले’ हा चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी, जोतीरावांच्या जयंतीला येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी हरकती घेतल्या आणि तो २५ एप्रिलला आला. परिनिरीक्षण मंडळाने त्यातून ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढावयास लावले. २००९ साली ज्यांना शब्द बोचला, त्यांनीच तो काढावयास सांगितला होता. येथे आमचीच नावे आमच्या इतिहासातून पुसली गेली. ती कोणाच्या भावनांसाठी?

मग आपण काय करावे? जोतीरावांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, आणि त्याचे बिंग फोडणारा विदूषक! दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले. लेखणी मात्र थांबली नाही; १८७३ साली ‘गुलामगिरी’ आली.

मी त्या मुलाला म्हणालो, “मुकादमावर अन् चेअरमनवर एक वग लिही. मग कोणाच्या भावना दुखावतात ते पाहू.”

तो लिहितो आहे. वग उभा राहील त्या दिवशी त्याच्या शेजारी उभे राहणे, हीच माझ्या वरील मताची परीक्षा आहे.