गोयाची काळी चित्रे : भयानक रसाचा एक प्रवास

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाच्या एका सभासदाची बदली झाली, आणि जाताना त्यांनी आपली काही पुस्तके वाचनालयास दिली. त्यांत फ्रान्सिस्को गोया या स्पॅनिश चित्रकाराच्या चित्रांचा एक जाडजूड संग्रह होता. रविवारी सकाळी चहाच्या वेळी तो हातोहात फिरला. राजाराण्यांची चित्रे पाहून झाली, जत्रांची व नाचगाण्यांची झाली, आणि शेवटच्या पंधरावीस पानांपाशी येताच मंडळी गप्प झाली. हिशेबखात्यातून निवृत्त झालेले एक वडीलधारे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "चित्रकार मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण अहो, असली चित्रे घरात लावणार कोण?"

प्रश्नावर सगळे हसले, आम्हीही हसलो. घरी परतताना मात्र तो प्रश्न आमच्याबरोबर आला, कारण त्याचे उत्तर त्या संग्रहातच होते. ही चित्रे घरातच होती. ज्याने ती काढली त्याने ती आपल्या राहत्या घराच्या भिंतींवर काढली, आणि तो त्यांच्यामध्येच राहिला. असे का झाले असावे, आणि त्या भिंतींपर्यंत तो कोणत्या वाटेने पोचला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

गोयाचा जन्म १७४६ सालचा, आरागॉन प्रांतातल्या एका लहानशा गावातला. तो सरकारी नोकर होता, ही गोष्ट या मासिकाच्या वाचकांना मुद्दाम सांगितली पाहिजे. १७९९ मध्ये तो स्पेनच्या राजाचा मुख्य दरबारी चित्रकार झाला. वार्षिक वेतन ५०,००० रेआल. दरम्यान १७९२-९३ च्या दुखण्यात त्याची श्रवणशक्ती कायमची गेली होती. पुढे फ्रेंचांनी देश व्यापला, राजे बदलले, आणि १८१४ मध्ये सातवा फर्डिनंड गादीवर परत आला, तेव्हा परक्या अमदानीतील वर्तनाबद्दल इतर नोकरांप्रमाणे गोयाचीही चौकशी झाली. तो निर्दोष ठरला व नोकरीत राहिला. म्हणजे आपण ज्याला बंडखोर कलावंत समजतो तो माणूस आयुष्यभर वरिष्ठांच्या आज्ञेने चित्रे काढीत होता. कोणाच्याही आज्ञेवाचून त्याने जे काढले त्याला म्हणूनच विशेष अर्थ येतो.

भयानक रसाचे विवेचन करताना भरतमुनींनी भयाचे तीन प्रकार सांगितले आहेत. व्याजाने म्हणजे बतावणीने आलेले भय हा पहिला, अपराधातून उपजलेले भय हा दुसरा, आणि वित्रासितक, म्हणजे प्रत्यक्ष त्रस्त झालेल्याचे भय, हा तिसरा. हे वर्गीकरण रंगभूमीवरील पात्रांसाठी आहे, चित्रकलेसाठी नाही, आणि भरतांच्या नावाने माद्रिदमध्ये निकाल देण्याचा आमचा हेतूही नाही. तथापि गोयाची भयचित्रे कालक्रमाने पाहत गेलो तेव्हा या तीन पायऱ्या आमच्या डोळ्यांपुढे आपोआप उभ्या राहिल्या. त्या सोयीच्या आहेत, इतकेच आमचे म्हणणे आहे.

पहिली पायरी १७९८ ची. ओसुनाचे ड्यूक व डचेस हे त्या काळचे सुधारक विचारांचे, रसिक उमराव. त्यांच्या गावाबाहेरच्या वाड्यासाठी गोयाने चेटकिणींची सहा लहान चित्रे करून दिली व त्यांचे ६,००० रेआलांचे बिल सादर केले. त्यांतील एका चित्रात चेटकिणींचा मेळावा आहे. मध्यभागी शिंगांना पानांची माळ घातलेला भला मोठा बोकड बसला आहे, भोवती बायका आहेत, कोणी त्याला अर्भके अर्पण करीत आहेत, वर वटवाघळे उडत आहेत आणि आकाशात चंद्रकोर आहे. विषय भीषण आहे, पण चित्र भिववीत नाही. त्याची उंची जेमतेम ४३ सेंटिमीटर. निळसर उजेड मोहक आहे, रचना नाटकातल्या प्रवेशासारखी नीटस आहे. ज्यांचा चेटकावर विश्वास नाही अशा सुशिक्षितांनी, ज्यांचा आहे अशा अडाण्यांना हसावे, यासाठी केलेले हे भय आहे. आपल्याकडे दिवाणखान्यात बसून भुताच्या गोष्टी सांगतात त्या जातीचे. हे व्याज होय.

पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, 'काप्रिचोस' हा ८० मुद्राचित्रांचा संच विक्रीस आला. येथे हसू आहे, पण ते कडवट झाले आहे. शिक्षक, वैद्य, धर्मगुरू, अधिकारी हे सर्व गाढवांच्या व राक्षसांच्या रूपाने आले आहेत, आणि प्रत्येक चित्राखाली चित्रकाराची एक मार्मिक ओळ आहे. संच लवकरच विक्रीतून काढून घेण्यात आला. १८०३ मध्ये त्याचे तांब्याचे पत्रे व उरलेल्या प्रती गोयाने राजाला देऊन टाकल्या व त्या बदल्यात मुलासाठी सालीना तनखा मिळविला. कलावंताचे धैर्य आणि संसारी माणसाचा हिशेब एकाच देहात कसे नांदतात, याचे हे उदाहरण आम्हांस तरी हिणकस वाटत नाही.

दुसरी पायरी युद्धाची. १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये शिरल्या, आणि सहा वर्षे कत्तल, सूड व दुष्काळ यांनी देश होरपळून निघाला. १८१० ते १८२० या काळात गोयाने त्या विषयावर ८२ मुद्राचित्रे केली. ती 'युद्धाचे अनर्थ' या नावाने ओळखली जातात. येथे चेटकीण नाही आणि बोकडही नाही. झाडाला टांगलेली प्रेते आहेत आणि ती पाहत निवांत बसलेला सैनिक आहे. राक्षसाचे काम माणूसच करू लागल्यावर राक्षस कशाला हवा? हे अपराधाचे भय. चित्रांखालच्या ओळी येथेही आहेत, पण त्या तुटक झाल्या आहेत. एका ठिकाणी तर, हे मी स्वतः पाहिले, एवढेच तो सांगतो. विनोद करणारा माणूस साक्षीदार झाला आहे. ही साक्ष त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. १८६३ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी, माद्रिदच्या कला अकादमीने ८० चित्रे छापली.

आता तिसरी पायरी. १८१९ च्या फेब्रुवारीत, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, गोयाने माद्रिदजवळ मांझानारेस नदीपलीकडे एक घर घेतले. त्याला 'बहिऱ्याचे घर' म्हणत. गंमत अशी की हे नाव गोयामुळे पडलेले नव्हते, आधीचा मालकही बहिराच होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो पुन्हा मरणाच्या दारी जाऊन आला. त्यानंतर १८२३ पर्यंत त्याने या घराच्या दोन मजल्यांवरील दोन मोठ्या खोल्यांत, गिलाव्यावर तैलरंगांनी, चौदा चित्रे काढली. ती कोणी सांगितली नव्हती, त्यांचे बिल कोणाला जावयाचे नव्हते, आणि त्यांच्याखाली एकही ओळ नाही. इतकेच नव्हे, तर त्यांना नावेही नाहीत. आज जी नावे चालतात ती इतरांनी मागाहून दिलेली आहेत.

आमच्या मते या प्रवासाचे मर्म येथे आहे. पहिल्या पायरीवर भयाला गोष्ट होती, दुसरीवर कारण होते, तिसरीवर दोन्ही गळून पडली. जसजसे भय खरे होत गेले तसतसा चित्रकार त्याचा खुलासा करीनासा झाला.

हे पडताळून पाहावयाचे असेल तर बोकडाची दोन चित्रे शेजारी ठेवावीत. वीस वर्षांहून अधिक काळानंतर तोच विषय भिंतीवर आला, तेव्हा त्याची लांबी चार मीटरांच्या वर गेली. बोकड आता मध्यभागी नाही. तो डाव्या बाजूला सरकला आहे, पाठमोऱ्यासारखा, नुसती एक काळी आकृती. प्रकाश पडला आहे तो त्याच्याकडे पाहणाऱ्या गर्दीवर. ते वटारलेले डोळे, उघडी तोंडे, एकमेकांत मिसळलेले चेहरे पाहिले की कळते, चित्रकाराला बोकडाचे भय उरलेले नाही, त्याला भय वाटते ते ऐकणाऱ्यांचे. उजव्या टोकाला डोक्यावरून काळे वस्त्र घेतलेली एक तरुणी थोडी वेगळी बसली आहे. ती त्यांच्यात सामील होणार की उठून जाणार, हे चित्र सांगत नाही. पहिले चित्र पाहताना आपण दिवाणखान्यात असतो, दुसरे पाहताना त्या तरुणीच्या खुर्चीवर.

सर्वांत प्रसिद्ध चित्र सॅटर्नचे. हा रोमन देव म्हणजे ज्याच्या नावाच्या ग्रहाला आपण शनी म्हणतो तो. आपल्या शनीची कथा अर्थात अगदी वेगळी आहे, तरी साडेसातीच्या भयाने शनिवारी तेल वाहणाऱ्या मराठी माणसाला हे नाव ऐकून क्षणभर थांबावेसे वाटेल. आपली मुले आपल्याला पदच्युत करतील या भाकिताने तो त्यांना जन्मतःच खाऊन टाकतो, अशी मूळ कथा. गोयाच्या चित्रात खाल्ला जाणारा देह अर्भकाचा नाही, वाढलेल्या माणसाचा आहे. आणि पाहणाऱ्याला हादरा बसतो तो रक्ताने नव्हे, खाणाऱ्याच्या डोळ्यांनी. ते डोळे क्रूर नाहीत, भेदरलेले आहेत. ज्याच्या हाती सर्व सत्ता आहे तोच सर्वांत जास्त घाबरलेला आहे. ज्यांनी खुर्ची जाण्याच्या धास्तीने हाताखालच्यांचा बळी देणारे लोक थोडेबहुत पाहिले असतील, त्यांना याहून अधिक विवरण नको. भरतांनी भयानकाचा वर्ण कृष्ण व देवता काल मानली आहे. सॅटर्नचा ग्रीक अवतार क्रोनस व काळवाचक 'ख्रोनस' हा शब्द यांची गल्लत प्राचीन काळापासून होत आली आहे. या दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नसावा, तरी दोघींनी भयाच्या मुळाशी काळच पाहिला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

चौदाही चित्रे सारख्या तोलाची आहेत असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ज्यूडिथने होलोफर्नेसचा शिरच्छेद केल्याचे चित्र आम्हांस उणे वाटते, कारण तेथे बायबलमधील गोष्ट पुन्हा मदतीला येते आणि भयाला आयता आधार मिळतो. याच्या उलट टोकाला कुत्र्याचे चित्र आहे. त्यात काहीच नाही. खाली एक गडद उतार, त्याच्या कडेवर कुत्र्याचे नुसते डोके, आणि वर फिकट पिवळसर पोकळीचा प्रचंड विस्तार. कुत्रा वर पाहत आहे. तो बुडत आहे की नुसता टेकाडामागे उभा आहे, हे ठरत नाही. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घटनेत संवाद, विरोध व समतोल ही लयीची तत्त्वे सांगितली. त्यांतील समतोलाचे इतके धाडसी उदाहरण आम्ही दुसरे पाहिलेले नाही. एवढ्याशा डोक्याने एवढी मोठी पोकळी तोलून धरली आहे. ते डोके बोटाने झाकून पाहावे, भिंत लगेच रिकामी होते. राक्षस नाही, रक्त नाही, अपराधीही नाही, आणि तरी आमच्या मते भयाची परिसीमा येथे आहे.

हे सारे वेडाच्या भरात झाले, असे म्हणण्याची एक सोपी पद्धत आहे. ती आम्हांस मान्य नाही. ज्या १८१९ मध्ये त्याने हे घर घेतले त्याच वर्षी माद्रिदमधील एका चर्चसाठी त्याने संत जोसेफ कालासान्झचे अत्यंत भक्तिपूर्ण चित्र पुरे केले. १८२४ मध्ये प्रकृतीसाठी फ्रान्समध्ये स्नानास जावयाचे आहे असा रीतसर रजेचा अर्ज करून तो देशाबाहेर पडला, बोर्दो येथे स्थायिक झाला, १८२६ मध्ये माद्रिदला येऊन पूर्ण वेतनावर निवृत्ती मंजूर करून घेतली, आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर शिळामुद्रणाची नवी कला हाताळून बैलझुंजींची चित्रे छापली. १८२८ मध्ये तो बोर्दोलाच वारला. असा कागदपत्र नीट ठेवणारा माणूस वेडा नव्हता. जे पाहिले ते त्याने शुद्धीवर राहून पाहिले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपण पाहतो ती चित्रे गोयाची कितपत? १८७३ मध्ये बॅरन एमिल देर्लांजे याने ते घर विकत घेतले व साल्वादोर मार्तीनेझ कूबेल्स याच्याकडून चित्रे भिंतीवरून कापडावर उतरवून घेतली. त्यात पुष्कळ हानी झाली, पुष्कळ भाग पुन्हा रंगविला गेला. सोटे घेऊन लढणारे दोन पुरुष आज गुडघ्यापर्यंत रुतलेले दिसतात, पण उतरविण्यापूर्वीच्या छायाचित्रावरून ते गवतात उभे असावेत असे अभ्यासक म्हणतात. क्ष-किरण परीक्षेत काही चित्रांखाली निसर्गदृश्ये आढळली. खुआन होसे खुंकेरा या स्पॅनिश संशोधकाने तर २००३ मध्ये, ही चित्रे मुळात गोयाची नव्हेतच, असे प्रतिपादन केले. नायजेल ग्लेंडिनिंगसारख्या जाणकारांनी ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला, आणि प्रादो संग्रहालय ती गोयाचीच मानते. आम्हीही त्याच बाजूचे आहोत. १७९८ च्या बोकडापासून या भिंतीपर्यंतची वाट इतकी सलग आहे की तिचा शेवटचा टप्पा दुसऱ्या कोणी चालला असेल हे मनास पटत नाही.

१८७८ मध्ये ही चित्रे पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली. १८८१ मध्ये ती स्पेनच्या सरकारला भेट मिळाली. घर मात्र १९०९ मध्ये पाडले गेले. आज ती प्रादोमध्ये चौकटींत आहेत, आणि प्रत्येकीखाली नावाची पट्टी आहे.

आमचा दिवस टिपण्या लिहिण्यात जातो. समोर येणाऱ्या प्रत्येक कागदाखाली कारण, आधार व अभिप्राय नोंदविल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, आणि हळूहळू आपल्याला वाटू लागते की ज्याच्याखाली टिपणी आहे ते समजलेच आहे. गोयाने पन्नास वर्षांहून अधिक काळ इतरांच्या मागणीची चित्रे काढली, आणि नोकरी न सोडता, कोणावर रोष न धरता, घरी आल्यावर बिनटिपणीची चौदा चित्रे काढली. जे समजले नव्हते ते समजल्याचा आव त्याने आणला नाही. खालच्या मजल्यावरील, जेवणाची म्हणून समजल्या जाणाऱ्या खोलीत त्याने सॅटर्न काढला, आणि त्याच्यासमोर तो जेवला असेल.

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना पुढल्या रविवारी आम्ही हे सारे सांगितले. त्यांनी संग्रह मागून घेतला, कुत्र्याचे पान उघडले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे एवढे एक मी लावीन." संग्रह तूर्त त्यांच्याच घरी आहे. ज्या सभासदांना तो हवा असेल त्यांनी थोडा धीर धरावा.