ई०३८२ वाचताना

रस्टच्या कंपायलरचा ई०३८२ हा एरर पुष्कळांनी पाहिलेला असतो, निवांत वाचलेला मात्र थोड्यांनीच. प्रसंग साधा. ‘व्ही’ नावाचा व्हेक्टर ‘शो’ या फंक्शनला देऊन टाकला आणि पुढच्याच ओळीत त्याची लांबी विचारली. मालकी तर ‘शो’कडे गेलेली! कंपायलर तिथेच अडवतो.

संदेशात आपलाच कोड जसाच्या तसा येतो, त्यावर तीन खुणा. व्हेक्टर तयार झाला तिथे लिहिलेले असते की हा टाइप ‘कॉपी’ होणारा नाही. दिला तिथे मालकी गेल्याची नोंद. वापरला तिथे तक्रार. लाल खूण फक्त शेवटची, आधीच्या दोन निळ्या. चूक उघडी पडली कुठे आणि तिचे मूळ कुठे, हे रंगच सांगतात. २०१६ मध्ये एररना हे रूप मिळाले, त्यामागे एल्म भाषेच्या संदेशांची प्रेरणा होती.

खरी गंमत पुढच्या दोन सूचनांत आहे. पहिली म्हणते, ‘शो’ला मालकीची गरज नसेल, तर पॅरामीटर उसना घेणारा करा. दुसरी म्हणते, वेळ-मेमरीचा खर्च परवडत असेल, तर क्लोन करा. दोन्हींत अट आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. व्हेक्टर दहा आकड्यांचा की दहा लाखांचा, हे कंपायलरला ठाऊक नाही. म्हणून तो निर्णय आपल्यावर सोडतो.

पण मांडणीत पारडे झुकते. क्लोनची सूचना हिरव्या अधिक चिन्हांसह तयार कोड हातात ठेवते. उसनवारीची नुसती जागा दाखवून थांबते. घाईतला माणूस अर्थातच क्लोन उचलतो. एरर जातो, व्हेक्टरची अख्खी नक्कल मागे उरते. बहुतेक वेळा योग्य असतो पहिलाच उपाय. पण त्यासाठी फंक्शनची सही (सिग्नेचर) बदलावी लागते, मग त्याला बोलावणारी प्रत्येक जागा, कदाचित आतला कोडही. कंपायलरमधला मालकी-उसनवारी तपासणारा बॉरो चेकर एका वेळी एकच फंक्शन तपासतो आणि दुसऱ्याची फक्त सही पाहतो, त्यामुळे एवढी दुरुस्ती छातीठोकपणे लिहून देणे त्याला अवघड आहे. तरी निदान सही आणि कॉल या दोन ओळींत ‘&’ कुठे पडेल, एवढे दाखवायला हरकत नव्हती.

कारण जमते तिथे तो दाखवतोच. हाच ई०३८२ फॉर लूपमुळे आला, की न लिहिलेला ‘इनटू-इटर’चा कॉल मालकी घेऊन गेला हे तो उघड करतो आणि व्हेक्टरच्या नावाआधी हिरवा ‘&’ घालून देतो. तिथे दुरुस्ती एकाच ओळीत मावते.