हळद आधी दिली की नंतर?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी लिहिलेल्या सिनॉप्सिसचा विषय होता: झटक्यांनंतर मेंदूला होणारी इजा करक्युमिनने टळते का? आराखडा सोपा होता. उंदरांना सात दिवस करक्युमिन, आठव्या दिवशी कायनिक ॲसिड, मग हिप्पोकॅम्पसचे काप. सादरीकरणात एका सिनियरने विचारलं, "शीर्षकात 'नंतर' आहे, मग औषध आधी का?" मी गप्प. या विषयावरचे पेपर वाचताना तोच प्रश्न मला अजून जागोजागी भेटतो, म्हणून ही पोस्ट.

मोठा झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला की त्याला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात. त्यात चेतापेशी मरतात, आणि झटका थांबला तरी प्रकरण मिटत नाही. मायक्रोग्लिया खवळतात, इंटरल्युकिन-१ बीटा आणि टीएनएफ-अल्फा वाढतात, रक्त आणि मेंदू यांमधला अडसर सैल होतो. हा दाह पुढे बरेच दिवस धुमसतो. तेव्हा करक्युमिन, रेस्व्हेराट्रॉल, क्वेर्सेटिन असे दाह शमवणारे वनस्पतिजन्य रेणू वापरून बघावेत, ही कल्पना रास्तच आहे.

माझा आक्षेप वेळापत्रकाला आहे. औषध आधी दिलं आणि त्यामुळे झटकेच सौम्य आले, तर पेशी कमी मरणार आणि दाहही कमी दिसणार. यात मेंदूचं वेगळं संरक्षण कुठे सिद्ध झालं? छत्री नेलेला माणूस कोरडा परत आला, तर श्रेय टॉवेलला द्यायचं का? शिवाय पेशंट कॅज्युअल्टीत येतो तो झटका सुरू झाल्यावर, आठवडाभर आधी नाही.

त्यामुळे असा पेपर हातात आला की गोषवाऱ्याआधी प्रयोगाची टाइमलाइन शोधा. पहिला डोस कुठे आहे? मग बघा, दोन्ही गटांत झटके सारखेच होते का? पुष्कळ ठिकाणी फक्त रॅसिनची १९७२ ची श्रेणी असते, म्हणजे नजरेने दिलेले गुण. उंदीर बाहेरून शांत दिसत असताना आत विद्युत झटका चालू असू शकतो, तो ईईजीशिवाय कळत नाही. झटके सुरू होऊ द्यायचे, ठरावीक वेळाने डायझेपामने थांबवायचे, ईईजीवर दोन्ही गट ताडून पाहायचे आणि मगच औषध, असा आराखडा असेल तर मी पुढे वाचते.

दुसरी अडचण औषध मेंदूपर्यंत पोहोचण्याची. करक्युमिन आतड्यातून नीट शोषलं जात नाही, शरीरात पटकन मोडतं. बंगळुरूच्या १९९८ च्या अभ्यासात २ ग्रॅम करक्युमिनसोबत मिरीतलं पाइपेरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर माणसांमध्ये उपलब्धता २००० टक्के वाढल्याची नोंद आहे. हा आकडा सगळे उद्धृत करतात. पण तेच पाइपेरिन फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनची रक्तातली पातळीही वाढवतं, आणि ही तर झटक्यांचीच औषधं! हे वाक्य चर्चेच्या भागात क्वचितच सापडतं.

(गंमत म्हणजे उंदरांना झटके आणणारं पायलोकार्पिनही एका झुडपाच्या पानांतूनच येतं, आणि कायनिक ॲसिड समुद्री शेवाळातून. 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' म्हणणाऱ्यांसाठी.)

वनस्पतीतला रेणू कसा तपासावा, याचं चांगलं उदाहरण गांजाच्या झाडातलं कॅनाबिडिऑल. २०१७ च्या चाचणीत ड्राव्हे सिंड्रोमचे १२० रुग्ण होते, मुलं आणि तरुण. औषधाच्या गटात महिन्याचे झटके १२.४ वरून ५.९ वर आले. प्लासिबोच्या गटात १४.९ वरून १४.१. क्लोबाझामसोबत ते काय करतं, तेही मोजलं गेलं. अर्थात हे झटके कमी करणारं औषध ठरलं. झटक्यानंतर मेंदू वाचवणारं, असा दावा त्या चाचणीने केला नाही.

मागच्या सुट्टीत गावी काकूंनी विचारलं, "अगं, तू हळदीवरच शिकतेस ना? मग पोराची फिटची गोळी बंद करून हळदीचं दूध देऊ का?" म्हटलं, "काकू, गोळी एक दिवससुद्धा चुकवू नका." माझ्या जुन्या आराखड्यावर पेपर निघाला असता, तर त्याची बातमी काकूंपर्यंत कशी पोहोचली असती याचा मी बराच विचार केला.

आता माझ्याकडे पहिला डोस डायझेपामनंतर एका तासाने असतो. पायलटचे काप पाहिले; दोन गटांत नजरेला फारसा फरक नाही. नक्की सांगायला आणखी प्राणी लागतील, एथिक्स कमिटीकडे पुन्हा अर्ज केलाय.