पर्याय कशाला म्हणावे?

‘जीपीएस बंद पडले तरी चिंता नाही, आपले नाविक आहे,’ असे विधान विज्ञानविषयक लेखांतून आणि शाळांच्या प्रदर्शनांतून नेहमी आढळते. स्वदेशी यंत्रणेचे महत्त्व आहेच. पण शहरातल्या अडचणीवर हे उत्तर अपुरे आहे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत, नाविकचे सुमारे ३६,००० किलोमीटरवर. एका वॉटचे एक कोटी भाग करावेत, त्यांतल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करावेत. जीपीएसचा संकेत जमिनीवर पोहोचतो तो साधारण एवढ्याच शक्तीचा. नाविकचा संकेतही असाच क्षीण. उंच इमारती तो अडवतात, खिशात मावणारा जॅमर तो बुडवतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाजवळ काही विमानांना खोटे संकेत मिळाले, तेव्हा वैमानिकांना जमिनीवरच्या पारंपरिक दिशादर्शन यंत्रणेचा आधार होता. गल्लीबोळांतून घर शोधणाऱ्या रुग्णवाहिकेला असा कोणता आधार आहे?

स्वस्त साधने मोबाइलमध्येच असतात. तो आसपासचे टॉवर आणि वाय-फाय ओळखतो, पावले मोजतो. काही मोबाइल हवेचा दाबही मोजतात. समुद्रसपाटीजवळ सुमारे आठ मीटर वर गेल्यास दाब एक हेक्टोपास्कलने घटतो. म्हणजे रुग्ण कितव्या मजल्यावर आहे याचा अंदाज बांधता येतो.

मात्र येथेही एक मेख आहे. अनेक मोबाइल टॉवर आपली घड्याळे जीपीएसवरूनच लावतात. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना उपग्रह सेवेतून काढताना काही जीपीएस उपग्रहांकडून १३ मायक्रोसेकंदांनी चुकीची वेळ प्रसारित झाली. नकाशावरची ठिकाणे जागची हलली नाहीत, पण ब्रिटनमधील डिजिटल रेडिओ प्रसारणात व्यत्यय आला. एवढ्या वेळात प्रकाश जवळजवळ चार किलोमीटर जातो. टॉवरच्या वेळेवरून अंतर काढणाऱ्या यंत्रणेत असा घोटाळा झाला तर ती रुग्णवाहिकेला भलत्याच वस्तीत नेईल.

म्हणून कोणत्याही ‘पर्यायी’ यंत्रणेची स्तुती करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावावेत. तिचा संकेत कुठून येतो? तिचे घड्याळ कोण लावते? वीज गेली तर ती किती वेळ चालते? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘उपग्रह’ असेल, तर खर्च कितीही कमी असो, तिला पर्याय म्हणू नये.